घरचा संगणक आणि धवल्याचा आवाज

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर जमिनीचा मोबदला, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या आणि लग्नातील वाढता खर्च हे आपले नेहमीचे तीन विषय आहेत. त्यांच्या पंक्तीत गाणी व चित्रफिती दाखविणाऱ्या घरगुती संगणकाची पुनर्बांधणी हा चौथा विषय बसलेला पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. चिटणीस महाशयांनी आम्हांस तसे बोलूनही दाखविले. यंत्रदुरुस्तीचा विषय शाळेच्या वर्गात शोभेल, ज्ञातीच्या मेळाव्यात त्याचे काय काम, असा त्यांचा सवाल होता. त्यावर आम्ही इतकेच सांगितले की, ज्या संगणकांविषयी आम्हांला बोलावयाचे आहे, त्यांपैकी कित्येकांच्या पोटात आपल्या धवलारणींचा आवाज अडकून पडला आहे. हे ऐकल्यावर त्यांनी आम्हांस अर्धा तास दिला. तो पुरेल असा आमचा प्रयत्न राहील.

हा आवाज तेथे कसा गेला, हे प्रथम पाहिले पाहिजे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत खाडीकाठच्या आपल्या गावांतील कौलांवर अँटेना दिसू लागल्या. त्यामागून कॅसेटचा टेपरेकॉर्डर आला, आणि मग व्हिडिओ आला. एका रात्रीपुरता भाड्याने आणलेला व्हीसीआर आणि अंगणात मांडलेल्या खुर्च्या ज्यांना आठवतात, असे पुष्कळजण येथे बसलेले आहेत. लग्नाचे व्हिडिओ शूटिंग ही त्यानंतर प्रतिष्ठेची बाब झाली आणि घरोघरी व्हीएचएस कॅसेटी साठल्या. पुढे चकतीवरच्या व्हीसीडी आल्या. हळदीच्या आणि कोळीगीतांच्या व्हीसीडी लग्नसराईत कशा वाजत होत्या, ते सांगावयास नको. अखेरीस, साधारणपणे २००५ नंतरच्या काळात, घरातल्या कोणा शिकत्या मुलाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून एक संगणक जोडला, त्यात टीव्ही ट्यूनर कार्ड बसविले, केबलची तार त्याला लावली आणि तो दूरदर्शन संचाशेजारी मांडून ठेवला. पैसा पुष्कळ ठिकाणी जमिनीच्या मोबदल्याचा होता. मोबदल्याच्या पैशाचे आपल्या समाजात काय काय झाले, हा आजचा विषय नव्हे. परंतु त्यातील सर्वांत शहाणपणाचा खर्च कदाचित हाच असावा, असे आम्हांस राहून राहून वाटते.

कारण त्या मुलाने आणखी एक काम केले. घरातील कॅसेटी एकेक करून त्याने व्हीसीआरमध्ये घातल्या आणि त्यांतील चित्र व आवाज संगणकात उतरवून घेतला. थोरल्या काकांचे लग्न, आत्याची हळद, आजोबांचे बोलणे, सर्व एका डब्यात आले. मग जुने घर पाडून इमारत उभी राहिली, नव्या फ्लॅटमध्ये जागा अपुरी पडू लागली आणि कॅसेटींचे पोते भंगारवाल्याच्या तराजूत गेले. आता तो संगणक ही एकच प्रत उरली. आणि आज तो संगणक माळ्यावर आहे. त्याची कळ दाबली तर पंखा फिरत नाही. फिरला तर पडद्यावर काही येत नाही. आणि आलेच तर फाइल उघडत नाही.

आता धवलारणीविषयी. ह्या सभेत त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. परंतु स्मरणिका पुढच्या पिढीच्याही हाती जाईल, म्हणून सांगतो. आपल्या समाजात लग्नविधी चालविण्याचा मान परंपरेने धवलारणीचा. ती पुरोहित आणि ती स्त्री. मांडव, हळद, लग्न, एकेका विधीचा धवला निराळा, आणि तो म्हटल्यावाचून विधी पुरा होत नसे. हे सारे तिला मुखोद्गत असे. बहुधा अक्षरओळख नसतानाही. एकीने दुसरीच्या मागे उभे राहून म्हणावयाचे आणि असे म्हणता म्हणताच शिकावयाचे, ही तिची पाठशाळा. आज किती गावांत ही पाठशाळा चालू आहे, ह्याचा ज्याने त्याने आपल्या गावापुरता विचार करावा.

कोणी म्हणेल, धवले लिहून काढले म्हणजे काम झाले. आमचे मत वेगळे आहे. आपल्या बोलीत 'ळ' चा 'ल' होतो आणि 'ण' चा 'न' होतो. शाळेत शिकलेला नातू धवला लिहावयास बसला म्हणजे त्याची लेखणी नकळत प्रमाण भाषेकडे वळते. आजी 'हलद' म्हणते आणि वहीत 'हळद' उतरते. शिवाय चाल, दम घेण्याची जागा, मागच्या बाया शब्द कोठे उचलून धरतात ती जागा, हे कोणत्या अक्षराने लिहावयाचे? म्हणून ज्या घरच्या लग्नाच्या चित्रफितीत धवलारीण मांडवात बसून म्हणते आहे, त्या घरच्या संगणकास आम्ही दस्तऐवजाची पेटी समजतो. मग ती फीत घेणाऱ्याचे लक्ष नवरीच्या दागिन्यांकडे का असेना!

हा संगणक दोन प्रकारे मरतो. एक मरण यंत्राचे आणि दुसरे आज्ञावलीचे, म्हणजे ज्याला आपण सर्रास सॉफ्टवेअर म्हणतो त्याचे. पहिले मरण दिसावयास भयंकर, परंतु त्यावर इलाज सोपा. दुसरे दिसत नाही, आणि घरातील मंडळी फसतात ती तेथेच.

यंत्राकडे आधी पाहू. आपली हवा दमट आणि खारी. त्यात २००५ नंतरच्या काही वर्षांत कल्याण-डोंबिवलीकडे विजेची जी कपात होत असे, तिच्यात दिवसातून अनेकदा वीज जावयाची आणि यावयाची. त्या धक्क्यांनी संगणकाचा वीजपुरवठा करणारा डबा, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, तो आधी जातो. तो बदलता येतो. त्या काळच्या पुष्कळ मदरबोर्डांवरील कपॅसिटर निकृष्ट निघाले होते. त्यांचे माथे फुगतात, कधी तपकिरी द्रव बाहेर येतो. कुशल कारागीर ते काढून नवे झाळून देतो. घड्याळाची गोल बटणासारखी बॅटरी संपलेली असतेच. तिला थोडे रुपये पडतात. प्रोसेसरवरील पंख्यात धूळ बसून त्याची वळकटी झालेली असते. ती काढून उष्णता वाहून नेणारा लेप नव्याने लावावा लागतो. एवढे केल्यावर बरेच संगणक पुन्हा डोळे उघडतात. २६ जुलै २००५ च्या प्रलयात ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरले, त्या घरांतील यंत्रांची गोष्ट निराळी. गाळ सुकून बसलेल्या यंत्राला वीज जोडण्याच्या भरीस कोणी पडू नये.

तथापि ह्या सर्वांच्या आधी करावयाचे एक काम आहे आणि ते बहुतेकजण शेवटी करतात. संगणकाला हात लावण्यापूर्वी त्यातील हार्ड डिस्क काढून घ्यावी. आपल्याला हवे ते सर्व तिच्यात आहे. बाकीचा डबा बाजारात मिळतो. जुन्या डिस्कला रुंद पट्टीसारखी तार असते आणि नव्या संगणकात तिला जागा नसते. पण ती तार यूएसबीला जोडणारे साधन थोडक्या पैशांत मिळते. डिस्क जोडल्यावर तिच्यावर काहीही न लिहिता तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवावी. डीडीरेस्क्यू नावाचा मुक्त प्रोग्रॅम ह्यासाठी आहे. तो प्रथम सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडखळणारा भाग टिपून ठेवतो आणि मग त्याकडे पुन्हा पुन्हा परततो. शेतातील कापणी झाल्यावर सुटलेल्या लोंब्या वेचावयास बाया मागे राहतात, तसेच हे काम. डिस्क खडखडत असेल तर मात्र तीही खटपट न करता तज्ज्ञाकडे न्यावी.

ह्याविषयी आम्ही जरा आग्रहाने बोलतो, त्याला कारण आहे. आमच्या नात्यातील एका कुटुंबाने असा संगणक स्टेशनजवळच्या एका दुकानात दुरुस्तीस दिला. दोन दिवसांनी तो उत्तम चालू होऊन परत आला. दुकानदाराने नवी विंडोज घालून दिली होती, आणि ती घालताना डिस्क फॉरमॅट केली होती. त्याने विचारले नाही. त्याच्या दृष्टीने काम चोख झाले होते, आणि त्याने पैसेही वाजवीच घेतले. त्या घरच्या आजीचे धवले त्यात होते आणि आजी त्याआधीच गेली होती. म्हणून दुकानात संगणक देण्याची वेळ आलीच, तर डिस्क घरी ठेवून रिकामा डबा द्यावा.

आता दुसरे मरण. डिस्कवरील फाइल शाबूत आहे, संगणक चालू आहे, तरीही चित्र दिसत नाही. असे का व्हावे? चित्रफीत संगणकात ठेवताना तिची घडी घालावी लागते, नाहीतर ती मावत नाही. घडी घालण्याच्या आणि उलगडण्याच्या रीतीस कोडेक म्हणतात. नऊवारी नेसावयास येणारी बाई घरात नसली म्हणजे लुगडे असूनही जसा उपयोग नाही, तसे कोडेक नसले की फाइलचे होते. इंटेल कंपनीने काढलेली इंडिओ नावाची एक रीत त्या काळी पुष्कळ वापरली जाई; विंडोज ७ मध्ये तिला आधार राहिला नाही. ट्यूनर कार्डाची तीच कथा. कार्डाबरोबर आलेल्या सीडीतील प्रोग्रॅम विंडोज एक्सपीपुरता लिहिलेला होता. कार्ड बनविणाऱ्याने पुढे तो सुधारला नाही. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीची देखभाल थांबविली आणि ते कार्ड, अंगाने धडधाकट असूनही, मुके झाले.

सर्वांत बोलके उदाहरण मीडिया सेंटरचे आहे. २००२ साली मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या एका खास आवृत्तीबरोबर हा प्रोग्रॅम आणला. दूरदर्शन संचासमोर बसून, रिमोट हातात घेऊन, कार्यक्रम पाहणे, साठविणे आणि घरच्या फिती लावणे, सारे एका ठिकाणी होई. पुढे तो व्हिस्टाच्या आणि विंडोज ७ च्या काही आवृत्त्यांत घरच्यासारखा नांदला. २०१५ साली विंडोज १० आली तेव्हा तो काढून टाकण्यात आला. ज्यांनी फुकट मिळते म्हणून जुन्या विंडोजवर नवी चढविली, त्यांच्या संगणकातून तो नाहीसा झाला आणि त्याने साठविलेल्या फाइली मागे उरल्या: एक्सपी व व्हिस्टाच्या काळातील डीव्हीआर-एमएस आणि नंतरच्या डब्ल्यूटीव्ही. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. दरम्यान केबलही बदलली. ठाणे व कल्याण-डोंबिवली ही शहरे केबलच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात होती आणि त्याची सरकारी मुदत ३१ मार्च २०१३ होती. सेट-टॉप बॉक्स आल्यावर ट्यूनर कार्डाला थेट केबल लावून कार्यक्रम घेण्याची सोयही संपली. एकेक बांध असा फुटत गेला.

बांध हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. खाऱ्या जमिनीतून भात पिकविण्याची विद्या आपल्या पूर्वजांना कोणी पुस्तकातून शिकविली नव्हती. खाडीचे पाणी अडविणारा मातीचा बांध घालावयाचा, आतील पाणी ओहोटीला सोडण्यास उघाडी ठेवावयाची, आणि दरवर्षी, न चुकता, तो बांध सावरावयाचा. खेकड्याने पाडलेले एक भोक दुर्लक्षिले तर उधाणाला शेत बुडते. पूर्वी गावकरी एकत्र येऊन अंगमेहनतीने हे काम करीत. पुढे १९४८ चा व १९७९ चा असे खार जमिनींविषयीचे कायदे झाले आणि हा भार पुष्कळसा सरकारी खात्याकडे गेला. सॉफ्टवेअरही असेच आहे. एकदा लिहिले आणि संपले असे त्याचे नसते; भोवतालची भरती-ओहोटी बदलत असते आणि कोणीतरी ते सतत सावरावे लागते. सावरणारा एकच मालक असेल आणि त्याला त्यात फायदा उरला नाही, तर तो निघून जातो. आणि बांध त्याचा असल्यामुळे दुसऱ्याला त्यास हात लावता येत नाही, हे त्यातील खरे दुखणे. मालक निघून गेला ह्याबद्दल आमची फारशी तक्रार नाही. व्यापारी आहे, जाणारच.

ह्याच्या उलट काही सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो आणि तो घेऊन सुधारण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला असतो. तेथेही माणसे काम सोडून जातात. परंतु दुसरी मंडळी कुदळ-फावडे घेऊन त्याच बांधावर उभी राहू शकतात. दूरदर्शन संचाजवळच्या छोट्या संगणकासाठी ओपनइलेक नावाची एक व्यवस्था २००९ पासून होती. तिच्यावर काम करणाऱ्यांत मतभेद होऊन २०१६ साली काहीजण बाहेर पडले आणि त्यांनी तोच मजकूर घेऊन लिब्रेइलेक चालू केली. जुनी पुढे थांबली, नवी चालू राहिली. एम्बी नावाच्या प्रोग्रॅमच्या चालकांनी २०१८ साली आपला मजकूर बंद केला, तेव्हा त्यापूर्वीचा खुला मजकूर घेऊन डिसेंबर २०१८ मध्ये जेलिफिन जन्मास आला. कोडी हा आज प्रसिद्ध असलेला प्रोग्रॅम मुळात एक्सबॉक्स ह्या खेळण्याच्या यंत्रासाठी हौशी मंडळींनी लिहिला होता. ते यंत्र कालबाह्य झाले, प्रोग्रॅम मात्र इतर यंत्रांवर गेला आणि २०१४ साली त्याने कोडी हे नाव घेतले. आपल्या समाजात एका मंडळाची दोन मंडळे होण्यास वेळ लागत नाही. परंतु दोन्हींकडे जुने दप्तर शिल्लक राहिले, असे मात्र आमच्या पाहण्यात क्वचितच आले आहे.

तर मग घरच्या संगणकाची पुनर्बांधणी कशी करावी? पुनर्बांधणी म्हणजे जुना संगणक होता तसाच उभा करणे, अशी समजूत असते. मुले एक्सपीची जुनी सीडी शोधत फिरतात. ह्यात वेळ फार जातो. जुनी रचना एकाच कामासाठी उभी करावी लागते: एखादी फाइल तिच्या मूळ प्रोग्रॅमखेरीज कशानेही उघडत नसेल तर. असा प्रसंग वाटतो तितका येत नाही. फ्रान्समधील एका अभियांत्रिकी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभिलेला आणि २००१ पासून खुला झालेला व्हीएलसी, आणि २००० साली फॅब्रिस बेलार ह्यांनी सुरू केलेला एफएफएमपेग, हे दोन प्रोग्रॅम सोडून दिलेल्या फाइलींचे मामाचे घर आहेत. इंडिओची घडी एफएफएमपेगला उलगडता येते. मीडिया सेंटरच्या डब्ल्यूटीव्ही फाइली तो वाचतो. व्हीसीडीवरील डीएटी फाइल व्हीएलसीमध्ये सरळ लागते. ब्रूकट्री कंपनीच्या ८७८ ह्या चिपवर बांधलेल्या जुन्या ट्यूनर कार्डांनाही लिनक्समध्ये आधार आहे. विंडोजमध्ये मुके झालेले असे कार्ड तेथे पुन्हा बोलते आणि व्हीसीआर त्याला जोडता येतो.

फाइल उघडली की तिचे काय करावयाचे, ह्याबद्दल दोन शब्द. व्हीसीडीचे चित्र मुळातच लहान, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. ते मोठे करून नव्या रीतीने साठविले म्हणजे सुधारते, हा भ्रम आहे. एकदा शिजलेला भात पुन्हा शिजवला तर त्याची पेज होते. म्हणून मूळ प्रत होती तशीच राखावी आणि पाहण्यापुरती दुसरी करावी. नुसता आवाज कॅसेटवरून घ्यावयाचा असेल तर तो वेव्ह किंवा फ्लॅक ह्या रीतीने घ्यावा, ज्यांत आवाजाचा कण गाळला जात नाही. एमपीथ्री करून मोबाइलवर ऐकावयास हरकत नाही, पण ती मूळ प्रत समजू नये. तयार झालेल्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्या, आणि दोन्ही एकाच इमारतीत नकोत. एक डोंबिवलीत असेल तर दुसरी ठाण्यास बहिणीकडे, वरच्या मजल्यावर. डिस्क कपाटात ठेवून विसरू नये. वर्षातून एकदा, दिवाळीच्या झाडलोटीत म्हणा, ती लावून पाहावी.

फाइलीला नाव देताना अंगचोरी करू नये. 'शादी १', 'न्यू फोल्डर २' अशा नावांच्या फाइली आम्ही इतक्या पाहिल्या आहेत की, त्यांतून आजीचे गाव शोधावयास अर्धी रात्र जाते. गाव, साल, कोणाचे लग्न, धवला म्हणणाऱ्या बाईचे पूर्ण नाव, मागे म्हणणाऱ्या बायांची नावे, इतके तरी लिहावे. धवलारणीचे नाव चित्रफितीच्या श्रेयनामावलीत कधीच नसते. फोटोग्राफरचे मात्र दोनदा येते.

येथे ओघाने आपल्या स्मरणिकेविषयीही बोलणे भाग आहे. मागील कित्येक अंक पेजमेकर नावाच्या प्रोग्रॅममध्ये श्रीलिपीच्या अक्षरांत जुळविले गेले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, ही २००१ सालची. नंतर अडोबी कंपनीने तो पुढे नेला नाही. त्या काळची ती अक्षरे युनिकोडमध्ये नव्हती. म्हणजे संगणक आतून इंग्रजी चिन्हेच साठवी आणि फॉन्ट त्यांना मराठी पोशाख चढवी. फॉन्ट नसलेल्या संगणकात तीच फाइल उघडली तर अक्षरांचा कचरा दिसतो. काही तरुणांनी धवल्यांचे शब्द अशाच फाइलींत लिहून ठेवले आहेत. हा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरके उपलब्ध आहेत. त्यांनी काम बरेचसे होते, पण जोडाक्षरे आणि रफार चुकतात, आणि आपल्या बोलीतील शब्द कोणी चूक समजून 'सुधारू' नयेत म्हणून तपासावयास बोली जाणणारा माणूस बसवावा लागतो. मुद्रणदोष तपासण्याची आवड असलेल्या निवृत्त शिक्षकांनी इकडे अवश्य लक्ष द्यावे.

ज्यांच्याकडे मूळ कॅसेटी अजून आहेत ते भाग्यवान; परंतु त्यांनी घाई करावी. व्हीसीआर बनविणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. म्हणजे आता चालू स्थितीतील व्हीसीआर हा संगणकापेक्षा दुर्मिळ झाला आहे. ई-१८० ह्या कॅसेटमध्ये तीन तासांचे चित्र असते आणि ते उतरविण्यास तीन तासच लागतात. तेथे घाईचा उपाय नाही. प्रत्येक घराने हे सामान स्वतंत्रपणे घ्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. मंडळाने एक चालू व्हीसीआर, एक चांगला कॅसेट डेक आणि लिनक्स घातलेला एक पुनर्बांधणी केलेला संगणक, एवढा संच सभागृहाच्या वरच्या खोलीत ठेवावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे मांडली होती आणि ती मान्य झाली आहे. संच जुळविण्याचे काम आम्ही आणि आमच्याबरोबरच्या दोन-तीन तरुणांनी पुरे केले आहे.

एका शंकेचे निरसन आताच केलेले बरे. ह्या फिती मंडळ इंटरनेटवर टाकणार काय, असे काही भगिनींनी विचारले. घरच्यांच्या लेखी संमतीवाचून मुळीच नाही. लग्नाच्या फितीत घरच्या बाया आहेत, मुले आहेत. आणि धवला हे ज्या बाईने म्हटले तिचे व तिच्या घरच्यांचे धन आहे. हळदीच्या गाण्यांवर कोणी पैसा केला आणि म्हणणारीला लुगडेही मिळाले नाही, असे पुन्हा होऊ नये. मंडळ एक प्रत ठेवील, ती घरच्यांनी परवानगी दिली तरच. न दिली तर उतरविलेली प्रत त्यांची त्यांना देऊन आपली पुसून टाकील. ज्या धवलारणी आज हयात आहेत, त्यांच्याकडे मात्र जुन्या फितींची वाट न पाहता आपण स्वतः जावयास हवे, आणि जाताना रिकाम्या हातांनी जाऊ नये.

व्यवस्था अशी आहे. पावसाळ्यानंतर, भाद्रपद संपताच, दर रविवारी सकाळी दहा वाजल्यापासून वरची खोली उघडी राहील. कॅसेटी, व्हीसीडी आणि सुटी हार्ड डिस्क आणावी. संपूर्ण संगणक जिना चढवून आणण्याचे कारण नाही. प्रत नेण्यासाठी एक कोरी डिस्क वा पेनड्राइव्ह बरोबर असावा. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसत असेल, तर ती घरी लावून पाहू नये. एका फितीची बुरशी यंत्रात राहून दुसरीस लागते. तशी कॅसेट वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून आणावी आणि पिशवीवर तसे लिहावे. आणि शक्य असेल तर आजीला किंवा आत्याला बरोबर घेऊन यावे, कारण फितीत मागे उभ्या असलेल्या बाया कोण, हे सांगणारे दुसरे कोणी नाही.